पानांवरची राख

भाद्रपदात आई-आप्पांच्या म्हाळाला येळ्ळूरला गेले होते. पाऊस नुकताच ओसरला होता. शिवारात भात पोटरीला आलेलं आणि इतके दिवस ढगांत दडलेला राजहंसगड धुऊन-पुसून ठेवल्यासारखा समोर उभा. माहेरी गेलं की चपला काढायच्या आधी परड्यात डोकावून यायचं, ही आईमुळे लागलेली सवय. मी तिकडे वळले तशी वैनी पदराला हात पुसत मागोमाग आली. म्हणाली, "वन्सं, भोपळ्याकडं तेवढं बघू नका आज."

अर्थात मी आधी तिकडेच बघितलं.

गोठ्याच्या पत्र्यावर चढवलेला वेल. वरची पानं हिरवीगार, सुपाएवढी. पण खाली बुंध्याजवळची पानं अशी, की कुणी तिथं बसून तांदळाचं पीठ चाळलं असावं. काहींवर गोल ठिपके, काही पार पांढरी, आणि दोन-चार तर पिवळी पडून कडेनं वाळत चाललेली.

"भुंग्यासाठी राख मारली होती मी," वैनी म्हणाली. "मला वाटलं तीच राख हाय. चार दिवसांनी बघतोय तर जिथं मारली न्हवती तिथंबी राख!"

ह्या भोपळ्याची गोष्ट थोडी सांगायला हवी. आई लग्न होऊन येळ्ळूरला आली ती चंदगडकडून, आणि येताना आजीनं तिच्या बोचक्यात भोपळ्याच्या बिया बांधून दिल्या होत्या. चपटा, खोल शिरांचा, आतून शेंदरी भोपळा. घाऱ्यांना गूळ निम्माच लागायचा. दर वर्षी मृगाला आई त्यातल्या बिया टोकायची आणि दिवाळीनंतर नव्या बिया राखेत घोळून फडक्यात बांधून फळीवर ठेवायची. आई जाऊन तीन वर्षं झाली. मधली दोन वर्षं कुणी लावल्याच नाहीत. यंदा वैनीनं फडकं सोडलं तर त्यात सहाच बिया धड निघाल्या. तीन उगवल्या. एक कोंबडीनं उकरली, एक गोगलगायीनं खाल्ली. उरला तो हा वेल. त्यावर गौरी-विसर्जनाच्या सुमारास धरलेली दोन फळं. म्हाळाच्या भाजीला भोपळा बाजारातून आणला होता, कारण ह्या दोघांना हात लावायचा नाही, असं वैनीनं घरात बजावून ठेवलं होतं.

तेव्हा प्रश्न नुसत्या भाजीचा नव्हता.

ह्या रोगाला मराठीत भुरी म्हणतात. ही एक बुरशी आहे. पावसाळ्यात बुरशी म्हटलं की आपल्याला ओल आठवते. लोणच्यावर येते, चामड्याच्या चपलेवर येते. भुरीचं मात्र उलटं आहे. तिच्या बीजाणूंना रुजायला पानावर पाण्याचा थेंब लागत नाही. उलट धो धो पावसात ते धुऊन जातात, पाण्यात राहिले तर मरतातही. म्हणून आषाढ-श्रावणात आपला वेल स्वच्छ असतो आणि आपण निर्धास्त होतो. पाऊस ओसरला, दिवसा ऊन आणि रात्री गारवा सुरू झाला, हवेत दमटपणा राहिला पण सरी थांबल्या, की हिचा हंगाम. आपला बेळगावचा मुलूख समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर. भाद्रपद-आश्विनातली आपली हवा माणसाला जितकी मानवते तितकीच भुरीलाही. वीस ते सत्तावीस अंश तिला सगळ्यात आवडतं. बीजाणू पडल्यापासून आठवड्याच्या आत नवा पांढरा ठिपका दिसतो, आणि त्या ठिपक्यावरून वाऱ्याबरोबर पुढचे हजारो बीजाणू निघतात.

सुरुवात जुन्या, खालच्या, सावलीतल्या पानांपासून होते. आपण वेल बघतो तो वरून, फुलं किती आली म्हणून. खाली वाकून पानाची पाठ कोण बघतं? वैनीचं तर राखेनंच डोळ्यांवर पडदा पडला. तांबड्या भुंग्यासाठी चुलीतली राख पानांवर मारायची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि ती वाईट नाही. पण भादव्यात मारलेली राख भुरीला लपायला जागा देते, एवढं लक्षात ठेवायला हवं.

फसगत दुसऱ्या बाजूनंही होते. भोपळ्याच्या पुष्कळ जातींच्या पानांवर शिरांच्या बेचक्यांत जन्मतःच रुपेरी-पांढरे डाग असतात. मागे एका वाचक भगिनीनं घाबरून आख्खा वेल उपटला होता. त्यांच्या वर्णनावरून मला आजही वाटतं की तो निरोगी होता. ओळखायची युक्ती सोपी आहे. पानावर बोट घासा. बोटाला पीठ लागलं तर भुरी. डाग तसाच राहिला आणि तो सगळ्या पानांवर शिरांच्या धरणीनं सारखाच असला, तर ते पानाचं रूप आहे. आणि वरून पिवळे कोनाकोनाचे चट्टे, खालून करडी-जांभळट लव असं दिसलं तर तो केवडा. त्याला मात्र ओल हवी असते आणि त्याचे उपायही वेगळे. भुरीचं औषध केवड्याला मारून उपयोग नाही.

पानावर बोट घासून मी वैनीला दाखवलं. तोवर दादा आला आणि त्यानं सगळं सांगितलं. खरं तर सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

झालं होतं असं. चार दिवसांपूर्वी दादा बाजारातून गंधकाची पुडी घेऊन आला. पाण्यात मिसळणारं गंधक. औषध चुकीचं नव्हतं. भुरीवर गंधक हा फार जुना उतारा आहे. दुकानदारानं सांगितलं, "अंदाजानं घाला, काय होत न्हाई." दादानं पाच लिटरच्या हातपंपात दोन मुठी घातल्या आणि भर दुपारी बारा वाजता वेलाला न्हाऊ घातलं. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या. मघाशी मी कडेनं वाळलेली म्हणाले, ती भुरीनं नव्हे, औषधानं वाळलेली.

पुडीत घडी घातलेलं माहितीपत्रक होतं. बारीक अक्षर, त्यात वरचा भाग कन्नड. दादा कन्नड बोलतो फर्डं. बाजारात घासाघीस त्याच भाषेत करतो. पण शाळा मराठी झाली, त्यामुळे अक्षरं लावताना अडतो. शेजारची सातवीतली पोर हाक मारून आणली. ती वाचू लागली, "बूदी रोग..." आणि वैनी एकदम हसायलाच लागली. कन्नडमध्ये बूदी म्हणजे राख. भुरीला तिकडे नावच राखेचा रोग!

"मग मी काय चुकलो? राखच की ओ ती!" वैनी म्हणाली.

कोहळ्याला कन्नडमध्ये बूदुगुंबळा म्हणतात तेही ह्याच राखेवरून. त्याच्या सालीवर पांढरी भुकटी असते ती. ती मात्र मेणाची असते, रोगाची नव्हे, आणि ती चांगली धरली की कोहळा पिकला समजायचं.

पोरीनं पुढे वाचलं, लिटरला दोन ग्रॅम. म्हणजे पाच लिटरला दहा ग्रॅम, दोन चहाचे चमचे. दादाच्या दोन मुठी म्हणजे त्याच्या सहा-सातपट तरी झाल्या असतील. शिवाय काकडी-भोपळ्याच्या कुळातल्या वेलांना गंधक जरा झोंबतंच. उन्हाचा पारा बत्तीसच्या वर असला तर नेमक्या मात्रेनंही पान करपू शकतं. मारायचंच तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, आणि आधी एका पानावर मारून दोन दिवस वाट बघून. आणखी एक. गंधक मारल्यावर दोन आठवडे तरी कडुनिंबाचं किंवा कुठलंच तेल त्या वेलावर फवारू नये. दोन्ही एकत्र आली की पानं जळतात. "एक नाही तर दुसरं लागू पडेल" ह्या हिशेबानं लोक नेमकं हेच करतात.

गंधकाचा हा उतारा सापडला तोही एका माळ्यामुळे. १८४५ साली इंग्लंडमध्ये मार्गेट इथं टकर नावाच्या माळ्याला काचघरातल्या द्राक्षवेलीवर पांढरी भुकटी दिसली. बर्कली नावाच्या पाद्री-शास्त्रज्ञानं दोन वर्षांनी त्या बुरशीच्या नावात टकरचं नाव घातलं. बिचाऱ्याची कीर्ती अशी रोगाच्या नावानं झाली. पण त्यानंच गंधक आणि चुना वापरून वेली राखल्या होत्या. पुढच्या आठ-दहा वर्षांत ती भुरी फ्रान्समध्ये पसरली आणि तिथलं वाइनचं उत्पादन निम्म्याहूनही खाली आलं, तेव्हा गंधकानंच त्यांना तारलं. आपल्या शेजारी तासगाव-सांगलीचे द्राक्षबागाईतदार आजही भुरीशी झुंजताना गंधक हाताशी ठेवतात. मात्र द्राक्षाची भुरी वेगळी, भोपळ्याची वेगळी. आंब्याच्या मोहोराची, वाटाण्याची, गुलाबाची, प्रत्येकाची आपापली. भोपळ्यावरची भुरी काकडी-दोडक्यावर जाईल, गुलाबावर जाणार नाही. वैनीच्या परड्यात कुंपणाला काकडीचा वाळत आलेला वेल होता, त्याच्यावर आधीपासून हीच राख होती. तो त्याच दिवशी काढून टाकला.

दादाच्या कपाटात शेतीची एक जुनी पुस्तिका निघाली. तिच्यात भुरीसाठी कॅराथेन आणि कॅलिक्झिन लिहिलेलं. अशा पुस्तिका पुष्कळ घरांत असतील, म्हणून सांगते. कॅलिक्झिनमधल्या ट्रायडेमॉर्फवर केंद्र सरकारनं २०१८ साली आणि कॅराथेनमधल्या डिनोकॅपवर २०२३ साली बंदी घातली आहे. कुणाच्या खोलीत जुनी बाटली पडली असेल तर ती बाहेर काढू नका. औषध विचारायचंच असेल तर बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्पला कृषी विज्ञान केंद्र आहे, धारवाडला कृषी विद्यापीठ आहे. जाताना रोगट पान कागदात गुंडाळून न्यावं. दुकानात नुसतं "पांढरं पडलंय" म्हणून सांगितलं की हाताला येईल ती बाटली मिळते.

आता वेलाकडे. मी हिशेब मांडला तो असा. भोपळा धरल्यापासून पक्का व्हायला साधारण पन्नास दिवस लागतात. आमच्या दोन फळांना वीस झाले होते. म्हणजे आणखी एक महिना. भुरी फळाला खात नाही, ती पानांना खाते. पानाच्या कातडीत बारीक शोषक घुसवून रस ओढते. पान गेलं की फळात साखर भरणार कोण? असं फळ वेलावर राहतं, रंगही धरतं, पण आतून पाणचट निघतं. वर पानांची सावली गेली की उन्हानं सालीला चट्टा पडतो, देठ अकाली वाळतो, आणि बी पोचट निघतं. तेव्हा वेल रोगमुक्त करायच्या फंदात पडायचं नव्हतं. ते आता होणारही नव्हतं. वेलाला फक्त एक महिना मिळवून द्यायचा होता.

हे कळलं की बरीच धावपळ आपोआप कमी होते. दिवाळीआधी आठ दिवस भुरी दिसली आणि फळ पक्कं झालेलं असलं, तर फवारायचं कशाला? फळ उतरवून घ्यावं आणि वेल काढून टाकावा.

पहिल्यांदा बुंध्याजवळची पार पांढरी झालेली सात-आठ पानं कापली. वैनी सगळीच कापायला निघाली होती, तिला थांबवलं. अर्धं हिरवं पानही फळासाठी राबत असतं. एका वेळी थोडीच काढायची, आणि फळावर सावली धरणारं पान तर जळकं असलं तरी ठेवायचं. त्या पानांचं काय करायचं? भुरी जिवंत पानावरच जगते, खतखड्ड्यात घातली तर मरते. आमच्या पानांवर गंधक होतं, म्हणून म्हशीपुढे तेवढी टाकू दिली नाहीत. युरिया बंद करायला सांगितला. वैनीनं गणपतीच्या आधी दोन मुठी घातला होता, म्हणून तर वरची पानं सुपाएवढी झालेली. असं कोवळं, लुसलुशीत, दाट पान भुरीला आयतंच. पत्र्यावर एकमेकांवर चढलेल्या फांद्या सुतळीनं ओढून मोकळ्या केल्या, वारा खेळेल अशा.

मग निघालं दूध.

१९९९ साली ब्राझीलमध्ये वाग्नर बेत्तिओल ह्या शास्त्रज्ञानं काचघरातल्या भोपळ्याच्या कुळातल्या झुकिनीवर गाईचं दूध फवारून बघितलं. दहा टक्के दूध, बाकी पाणी, आठवड्यातून एकदा. भुरीवर ते नेहमीच्या औषधांच्या तोडीस तोड उतरलं. तीस टक्क्यांहून दाट केलं तर पानांवर दुसरीच बुरशी वाढू लागली. पुढे ऑस्ट्रेलियात द्राक्षांवर अभ्यास झाला, त्यात दिसलं की दूध काम करतं ते उन्हाच्या साथीनं. दुधातल्या प्रथिनांवर ऊन पडलं की जे तयार होतं ते बुरशीचे तंतू मोडतं. म्हणजे गंधक उन्हात नको, आणि दूध मात्र उन्हात हवं.

हे मी सांगितलं आणि ओसरीवर बसलेली शेजारची काकी उसळलीच. "दूध? पानावर? पोरास्नी चहात दूध घालताना हात आखडायलीस आणि वेलाला ओतायलीस?" तिचं खोटं नव्हतं. बेळगावात दूध म्हणजे एक तर डेअरीचा पैसा, नाही तर कुंदा. मी म्हटलं, "काकी, अर्धा लिटरच. साडेचार लिटर पाणी घालून." काकीनं तोंड फिरवलं. शेवटी वैनीनं मधला मार्ग काढला. सायीखालचं दूध वेलाला, साय घरात. आणि खरं सांगायचं तर ते बरंच झालं, कारण साय असलेल्या दुधानं पंपाची चाळणी तुंबते. दह्याचं फडक्यात गाळून निघणारं पाणीही चालतं. आपल्याकडे काही जण आंबट ताक पाण्यात घालून मारतात. हातचं आहे, करून बघायला हरकत नाही, पण माझा भरवसा दुधावर जास्त.

सकाळी फुलं मिटल्यावर, नऊ-दहाच्या उन्हात, पानांच्या पोटावर आणि पाठीवर, गाळून घेऊन फवारायचं. फुलांवर फवारा उडू द्यायचा नाही, मधमाश्यांचं काम त्याआधी होऊन जाऊ द्यायचं. दर आठवड्याला एकदा, आणि मध्ये पाऊस झाला तर पुन्हा. वास येतो का? पहिल्या दिवशी येतो थोडा. मांजर दोन दिवस वेलाखालून हललं नाही, असं वैनीनं फोनवर सांगितलं.

स्वयंपाकाचा सोडाही चालतो. लिटरला एक सपाट चमचा, साबणाचे दोन-चार थेंब. पण तो वारंवार मारला तर पानं करपतात आणि जमिनीत क्षार साठतो. दूध महाग वाटत असेल तर एखाद-दुसऱ्या वेळी मारावा, दुधात मिसळून मात्र नव्हे.

दुसऱ्या आठवड्यात वैनीचा पुन्हा फोन. "वन्सं, पानावर पिवळे किडे आलेत. बारीक. राखेतच फिरायल्यात. औषध मारू?" मी ओरडलेच, "अगं नको!" पिवळाधमक, अंगावर नक्षी नसलेला, मसुराएवढा एक चित्रांग भुंगेरा असतो. त्याच्या जातभाईंतले बरेच मावा खातात. हा आणि ह्याच्या अळ्या भुरी खातात. पान खरवडणारा ठिपक्याठिपक्यांचा भुंगेरा निराळा, तो मातकट-तांबूस असतो आणि पानाची जाळी करून टाकतो. हा पिवळा भुंगेरा जिथं फिरला तिथं पान पुसल्यासारखं दिसतं. तो सगळी भुरी खाऊन संपवतो असं नाही, पण आपणहून कामाला आलेल्याला हाकलायचं कशाला? वैनीनं त्या आठवड्यात दूधही त्या पानांवर मारलं नाही.

सगळं छान झालं असं लिहायला आवडलं असतं. जळकी पानं आठ-दहा दिवसांत गळालीच. पत्र्याच्या टोकाशी असलेल्या फळावर सावली राहिली नाही. वैनीनं पोत्याचा तुकडा टाकला, पण तोवर सालीवर हातभर पांढरा चट्टा पडला होता. ते फळ कोजागिरीच्या सुमारास देठाशी सुकलं. कापलं तर आत फिकं, बिया कागदासारख्या. भाजी झाली, काकीनं दोन वेळा मागून घेतली आणि दुधाची चव लागते म्हणाली. दुसरं फळ मात्र गोठ्याच्या आडोशाला होतं. त्याच्या आजूबाजूनं वेलानं नव्या फांद्या फेकल्या आणि त्यांवर भुरी आली तरी ती ठिपक्यांवर थांबली. चार वेळा दूध झालं. एकूण दोन लिटर, म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या चहाचं दोन-तीन दिवसांचं.

वसुबारसेला देठ खडखडीत झाला, नख सालीत रुतेना. तेव्हा वैनीनं चार बोटं देठ ठेवून फळ उतरवलं. लगेच कापू नको म्हटलं होतं. बियाण्यासाठीचं फळ उतरवल्यावर तीन-चार आठवडे तसंच ठेवलं की आतल्या बिया आणखी भरतात. ते माळ्यावर आईच्या जुन्या दुरडीत ठेवलं.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी मी गेले. दादानं कोयता घेतला, वैनीनं परात. आत रंग शेंदरी निघाला, अगदी तोच. बिया धुऊन पाण्यात टाकल्या, तरंगल्या त्या काढल्या. बुडालेल्या मोजल्या तर एकशे सत्तावीस भरल्या. बांधाच्या पलीकडे कुणीतरी संकरित भोपळा लावला होता, मधमाश्यांनी तिकडचा पराग आणला असेल तर पुढच्या वर्षी काय निघेल ते वेलच जाणे. वैनीनं सावलीत वाळवायला सूप मांडलं आणि राख आणायला चुलीकडे गेली.

"बूदी आण म्हणायचं आता," दादा म्हणाला.

तीस बिया माझ्या वाट्याला आल्या आहेत. दहा काकीनं आधीच मागून नेल्या.